तेरा अक्षरांची जागा

कार्ड टपालाने आले तेव्हा सम्राटने अक्षर लगेच ओळखले. बाकदार, एकमेकांना न चिकटणारी ती अक्षरे म्हाळूआप्पांची होती. दोन वर्षे आप्पा त्याच्याशी एक शब्दही बोलले नव्हते, तोही नाही.

हौशी रेडिओवाल्यांची ही जुनी रीत आहे. आकाशातून गाठ पडली की दोघांनीही आपापले कार्ड पाठवायचे: अमुक दिवशी, अमुक वेळी मी तुला ऐकले. आप्पांनी वेळ लिहिली होती, सकाळचे अकरा चाळीस. खाली एकच ओळ होती. ‘जबाबी कार्ड पाठव. वाट पाहतो.’

त्या दिवशी अकरा चाळीसला सम्राट कुरकुंभच्या कंपनीत पहिल्या पाळीला होता.

आप्पा दौंडच्या रेल्वे तारघरात नोकरीला होते. निवृत्तीनंतर वस्तीतल्या समाजमंदिरात बसून त्यांनी सम्राटला तारेची कट्ट-कडकट्ट भाषा शिकवली, परीक्षेला बसवले, रेडिओचा परवाना मिळवून दिला. त्याबरोबर तारघराची शिस्तही दिली. नोंदवहीत खाडाखोड करायची नाही. नोंद खोटी ठरली तर तिच्यावरून एकच सरळ रेघ ओढायची आणि शेजारी सही करायची. जे स्वतः ऐकले नाही, त्यावर सही करायची नाही.

पुढे सम्राटने संगणकावर ते नवे सॉफ्टवेअर घेतले. कानाला जिथे नुसती खरखर ऐकू येते, तिथून ते पुसट संदेश वेचून काढते. दर पंधरा सेकंदांना एकाने पाठवायचे, दुसऱ्याने ऐकायचे. परवान्यावरची खुणेची नावे, आवाजाचा जोर, निरोप, संपले. मनातले काही लिहायचे असेल तर तेरा अक्षरांची जागा. सम्राट त्यात रमला. माणसांसमोर त्याची जीभ अडखळे. इथे बोलावेच लागत नव्हते.

“यंत्र यंत्राशी बोलतंय,” आप्पा समाजमंदिरात सगळ्या मंडळींसमोर म्हणाले होते. “तू कुठं हाईस त्यात? नसलास तरी चालंल की!”

लोक हसले. सम्राट उठून गेला. त्यानंतर आप्पा लेकीकडे, गौतमीताईकडे, शिरूरला राहायला गेले आणि सम्राटने जिद्दीने दोनशे देश गाठायचे ठरवले. त्यासाठी त्याने सॉफ्टवेअरची कुणीतरी फेरफार केलेली आवृत्ती बसवली. ती आपली आपण साद घालायची, आपली आपण उत्तर द्यायची. नियमाला हे धरून नव्हते, हे त्याला ठाऊक होते. तो कामावर जाई आणि खोलीत देश जमा होत राहत. म्हाळूआप्पांना उत्तर दिले होते ते त्या आवृत्तीने.

आठवड्याने गौतमीताईचा फोन आला.

“सम्राट, कार्ड पाठवलंस का न्हाई? आप्पा रोज पोस्टमनला दारात अडवत्यात. तो बिचारा आता मागल्या गल्लीनं जातो. आन् डॉक्टर म्हणत्यात, हृदय थकलंय.”

सम्राटने जबाबी कार्ड भरून त्यावर सही केली. मग केडगाव, चौफुला, न्हावरे असा दुचाकीवरून तो शिरूरला निघाला. खरे सांगावे की कार्ड द्यावे? वाटभर तो हेच घोळवत राहिला. खरे सांगितले तर ‘नसलास तरी चालंल’ हे आप्पांचे वाक्य कायमचे खरे ठरणार होते, आणि आप्पा त्याला कायमचे दुरावणार होते.

गौतमीताईच्या गच्चीच्या कठड्यापासून लिंबाच्या झाडापर्यंत अँटेनाची तांब्याची तार ताणलेली होती. आत पलंगाशेजारी जुना लॅपटॉप होता.

“या, दोनशे देशांचे राजे!” गौतमीताई म्हणाली. “शिरूर परदेशात धरलं व्हतं व्हय?”

आप्पा उशीला टेकून बसले होते. वाळले होते, पण डोळे लखलखत होते.

“चार महिने लागले मला हे शिकायला. नातू चिडायचा माझ्यावर. आन् तू पंधरा सेकंदांत जबाब दिलास! मी गौतमीला म्हणालो, पोरगं टपून बसलं व्हतं माझ्यासाठी.”

सम्राटने कार्ड पुढे केले. आप्पांनी ते दोन्ही हातांनी घेतले, सहीवरून बोट फिरवले.

“आन् शेवटचं? संपल्यावर मी हातानं लिहून पाठवलं, तीनदा. त्याचा जबाब न्हाई दिलास. म्हटलं, राग असंल अजून. वाचलंस न्हवं?”

“वाचलं, आप्पा.”

“काय व्हतं?”

सम्राटने खाली पाहिले. गौतमीताई चहाचा कप हातात घेऊन दारातच थांबली.

“तवा तू कुठं व्हतास?” आप्पांनी अगदी हळू विचारले.

“कंपनीत.”

आप्पांनी मान हलवली. रागावले नाहीत, रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी नोंदवही मागितली, पट्टी मागितली, आणि पट्टी लावून त्या दिवसाच्या नोंदीवरून एक सरळ रेघ ओढली. शेजारी सही केली. कार्ड त्याच्या हातात परत दिले.

“चहा घेऊन जा,” म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

सम्राट घरी परतला तेव्हा पडद्यावर तीन नवे देश येऊन बसले होते. सॉफ्टवेअर ऐकलेले सगळे एका फाइलीत साठवून ठेवते; कुणी वाचो न वाचो. त्याने तो दिवस शोधला. अकरा एकेचाळीसपासून, अर्ध्याअर्ध्या मिनिटाच्या अंतराने, खरखरीच्याही तळाशी बुडालेली एकच ओळ तीनदा होती. रोमन अक्षरांत आप्पांनी लिहिले होते: ‘माझे चुकले’. तेरा अक्षरांच्या जागेतली दोन उरलीच होती.

आणि त्याच वेळी त्याचे यंत्र, त्याच्याच नावाने, पुढच्या देशाला साद घालत होते.

त्याने ते सॉफ्टवेअर बंद केले. कट्ट-कडकट्टची जुनी कळ कपाटातून बाहेर काढली आणि आप्पांच्या खुणेचे नाव हाताने वाजवत बसला, उन्हे कलेपर्यंत. उत्तर आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गौतमीताईला फोन लावला.

“काल तू गेल्यावर आप्पांनी गच्चीवरची तार उतरवायला लावली,” ती म्हणाली. “म्हणाले, मागल्या अंगणात बांध, कपडे वाळत घालायला बरी हाय.”

पलीकडे कुणीतरी ओला कपडा झटकल्याचा आवाज आला, आणि फोन बंद झाला.