एक जूनवाले

पडद्यावर उत्तर आलं, शून्य ओळी. प्रियानं पुन्हा बटण दाबलं, पुन्हा शून्य. रेल्वेच्या बंद फाटकापुढं हॉर्न वाजवून गाडी काही लवकर जात नाही, हे बदनापूरकरांना कळतं, तरी ते वाजवतातच. प्रियानं तिसऱ्यांदा बटण दाबलं.

खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिचे वडील पुंजाराम उभे होते. रविवारची दुपार होती, जेवणं झाली होती, पण त्यांनी आज वामकुक्षी घेतली नव्हती.

"काय म्हणून राह्यलंय ते?"

"काहीच न्हाई म्हणतंय, बाबा."

"मंग मी जल्मलोच न्हाई का काय?"

"जल्मले न्हाईत तर दोन टाइम जेवून कोण राह्यलंय?" स्वयंपाकघरातून तिची आई बेबीनंदा म्हणाली.

पुंजाराम हसले, पण हात खुर्चीवरून काढून घेतला. एक जूनच बरा होता, असं काहीतरी पुटपुटत ते ओट्यावर जाऊन बसले. प्रियाला ते पुटपुटणं फार लागलं.

एक जूनची गोष्ट अशी. आपल्याकडं जुन्या पिढीत घरी जन्मलेल्या पोराची तारीख कोण लिहून ठेवतं? पोरगं शाळेत आणून उभं केलं की मास्तर त्याच्याकडं एकदा बघायचे आणि अंदाजानं साल टाकून पुढं लिहायचे, एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेब सोपा. त्यामुळं अर्धा तालुका एकाच दिवशी जन्मला आणि नोकरीतला अर्धा तालुका एकाच दिवशी रिटायर होतो. गावच्या पाणीपुरवठ्यावर व्हॉल्वमन असलेले पुंजारामही यंदा एकतीस मेला रिटायर झाले. हयातभर लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते गल्लोगल्ली पाणी सोडत फिरले होते. निरोपाच्या मांडवात बाजूच्या खुर्च्यांवर एक मास्तर आणि एक तलाठी, दोघंही एक जूनवाले. हार घालणाऱ्याची कंबर भरून आली.

प्रिया जालन्याला बियाण्यांच्या एका कंपनीत कामाला होती. गावोगावहून शेतकऱ्यांच्या नोंदी यायच्या, त्या ती निवडायची. एकच माणूस दोनदा आला असेल तर एकदा करायचा, रिकामे रकाने शोधायचे, इथली यादी तिथल्या यादीला जोडायची. आईला ती सांगायची, गहू निवडते मी, फक्त सुपाऐवजी संगणक आहे. नोकरीला लागली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिला दिसलं की हजारो शेतकऱ्यांची जन्मतारीख एक जून आहे. तिनं नियमच करून टाकला, एक जून आली की ती तारीख धरायची नाही, रकाना रिकामा समजायचा. साहेबांनी शाबासकी दिली. तिलाही तेव्हा भारी वाटलं होतं.

जुलैत शेजारच्या पोरीचा वाढदिवस झाला. केकचा तुकडा हातात घेऊन पुंजाराम सहज बोलून गेले की आपला बी एखादा खराखुरा दिवस असता तर काय झालं असतं, हा मास्तरनं दिलेला काही आपला वाटत नाही. बाकीचे हसले. प्रियानं मात्र आपला तुकडा ताटलीत ठेवून दिला. आपल्याच नियमानं आपल्याच बापाचा रकाना रिकामा होता.

त्या दिवसाची साक्षीदार आता एकच उरली होती, कुंभार पिंपळगावची दैवशाला आत्या. पुंजारामांची थोरली बहीण. सत्तरीच्या घरातली, अलीकडं तिला सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नसे. प्रियानं फोन केला तर आत्या पटकन म्हणाली, तुहा बाप पोळ्याच्या बाजाराचा. एवढंच. मग प्रियानं जुन्या पंचांगांतून बाबांच्या शाळेतल्या सालाच्या आसपासचे पोळे काढले, ते जन्मले त्या गावाचा आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो ते विचारून घेतलं आणि संगणकाला सांगितलं, पोळा बाजाराच्या वारी आला असं साल दे. संगणकानं दिलं शून्य.

आत्या विसरली असेल, बेबीनंदा म्हणाली. प्रिया आधी हो म्हणाली आणि मग तिला स्वतःचंच बोलणं आठवलं. ऑफिसात नव्या पोरींना ती रोज एक गोष्ट शिकवायची, उत्तर शून्य आलं की माहितीवर संशय घेऊ नका, आधी आपण प्रश्न काय विचारला ते बघा. तिनं लॅपटॉप मिटला आणि बाबांना म्हणाली, पुढच्या रविवारी आत्याकडं जाऊ.

आत्यानं भावाला बघितलं आणि आधी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. चहा झाला, शेंगदाणे झाले, गावातलं कोण गेलं कोण राहिलं तेही झालं. प्रिया घाई करत नव्हती. मग तिनं तारखेचं काहीच न विचारता विचारलं, "आत्या, बाबा झाले तवा तुम्ही काय करून राह्यल्ता?"

आत्या डोळे मिटून बसली. तिनं सांगितलं ते असं, की ती दाराबाहेर बसून होती, आत जायची सोय नव्हती. बाप मालकाच्या बैलांसाठी गोंडे आणायला बाजारात गेला होता. बैल मालकाचे, पण माया बापाची. बाजारातून आला, बैल धुतले, सांज झाली आणि आतून रडणं ऐकू आलं.

"बा तसाच पळत आल्ता," आत्या म्हणाली. "हात धुयाचं बी भान न्हवतं त्याला. हळदीच्या हातानंच ह्याला घेतलं. ह्याची पाठ पिवळी झाल्ती बघ. माय म्हणली, लेकराला हळद लागली, आता लग्नाचा खर्चा वाचला."

पुंजारामांचा हात नकळत स्वतःच्या पाठीकडं गेला. ही गोष्ट त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"हळद कशाची, आत्या?" प्रियानं विचारलं.

उत्तर पुंजारामांनीच दिलं. "खांदेमळणीची, पोरी. बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावत्यात. पोळ्याच्या आदल्या सांजंला."

आदल्या. प्रियानं कपाळावर हात मारून घेतला. पोळ्याच्या दिवशी बैलाला जू नसतं, गाडी जुंपत नाहीत, मग बाजार कोण करणार? पोळ्याचा बाजार म्हणजे पोळ्याआधीचा. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण तिचा पोळा मातीच्या बैलांचा, तोही बदनापूरच्या ओट्यावर. संगणकाला शहाणपण शिकवता शिकवता आपलंच गेलं, हे तिला एकदम पटलं आणि ती स्वतःशीच मोठ्यानं हसली.

ओसरीतच लॅपटॉप उघडला. प्रश्नात एक दिवस वजा केला. दोन ओळी आल्या.

"दोन?" पुंजाराम घाबरले. "दोनदा कसा जल्मलो?"

दुसरी ओळ बाहत्तरची होती. आत्यानं साल ऐकलं आणि हातानंच झटकून टाकलं. त्या वर्षी दुष्काळ, मालकानं बैल विकले, गोंडे कुणाला आणायचे? शिवाय तेव्हा हा चांगला पळत होता, एकदा आडात पडता पडता वाचला होता. प्रियानं ती ओळ काढली. आता पडद्यावर एकच ओळ राहिली, दहा सप्टेंबर एकोणीसशे एकोणसत्तर.

पुंजाराम वाकले. चष्मा कपाळावरून खाली घेतला, बोट त्या ओळीजवळ नेलं, पण काचेला टेकवलं नाही.

"हा मी का?"

"हा तुम्ही."

मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

परतीच्या वाटेत हिशेब झाला. शाळेत घेतलं जावं म्हणून मास्तरांनी त्यांचं वय वाढवून लिहिलं होतं, म्हणजे चावी खाली ठेवायला अजून दोन-तीन वर्षं बाकी होती. प्रियाला वाईट वाटलं. पुंजाराम खिडकीतून बाहेरच्या मोसंबीच्या बागा बघत म्हणाले की असू दे, फुकटात जवान झालो ना.

दहा सप्टेंबरला घरात केक आला. आत्याही आली, येताना बाजारातून लाल गोंड्यांची जोडी घेऊन आली. गोंडे जोडीनंच मिळतात, एका बैलाला कोण सजवतं? तिनं एक गोंडा भावाच्या मनगटाला बांधला. बेबीनंदा मघापासून बोटांवर काहीतरी मोजत होती.

"म्हंजे मी ह्यांच्याहून मोठी निघाले का काय?"

सगळे खो खो हसले. तीही एक जूनवालीच होती. हसता हसता प्रिया म्हणाली, आई, तुझंही काढू, सांग तुझ्या वेळी कोण होतं?

बेबीनंदानं ओट्यावरचं पातेलं उगाच पुसलं. "माय गेली, मावशी गेली. माहेरी धावड्याला आता सांगणारं कुणी ऱ्हायलं न्हाई, बाई."

मग पुंजारामांनी उरलेला गोंडा उचलला, बायकोचा हात ओढून घेतला आणि तिच्या मनगटाला बांधू लागले.

"मला काय बैल समजले का?"

"जोडी हाय. धर सुरी," ते म्हणाले. "आजपासून माह्या दिवसातला अर्धा तुहा."

दोघांनी मिळून केक कापला. प्रियानं लॅपटॉप जवळ ओढला आणि घरातल्यांच्या यादीत आईच्या नावापुढं दहा सप्टेंबर लिहिलं. ना साक्षीदार, ना पुरावा. अशी तारीख ऑफिसात कुणी दिली असती तर तिनं परत पाठवली असती.

"घेतंय का ते?" लाल गोंड्याचा हात तसाच वर धरून बेबीनंदानं विचारलं.

"घेतलं, आई," प्रिया म्हणाली.