फेरीतले दोन सेकंद

पुतणीचं पत्र येऊन सात महिने झाले होते आणि काकांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. फोनची घंटा वाजली की काका बावचळतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तिने कागदावरच विचारलं होतं : "काका, मीही बाबांसारखी ट्रॅकवर गाडी चालवायला लागले आहे. फेरीची वेळ मोजणारं आणि वेग नोंदवून ठेवणारं एखादं यंत्र हवंय, खिशाला परवडेल असं. बाजारात ढीगभर आहेत, माझं डोकं चालत नाही. बाबांच्या फेऱ्या तुम्हीच मोजायचात ना? मग तुम्हीच सांगा. मला बाबांचं एक मिनिट बारा पूर्णांक चार सेकंदांचं रेकॉर्ड मोडायचंय."

त्या शेवटच्या वाक्यापाशी काकांचं घोडं अडलं होतं.

काकांची हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली होती. आता दोन खोल्या होत्या आणि दोन खुर्च्या. एकीवर ते बसत, दुसरीवर पुस्तकं. जिन्यात शेजारीण भेटली तर "बरं आहे" म्हणायचं, एवढंच काय ते दिवसाचं बोलणं. तेही नीट म्हटलं गेलं की नाही, याचा विचार ते दार लावल्यावर बराच वेळ करत.

यंत्राचा अभ्यास मात्र त्यांनी मन लावून केला होता. फोनमधलं ॲप फुकट, पण फोन आपली जागा सेकंदाला एकदाच पाहतो. तेवढ्यात धावती गाडी चाळीस मीटर पुढे गेलेली असते. काडेपेटीएवढा वेगळा जीपीएस रिसीव्हर सेकंदाला दहा ते पंचवीस वेळा पाहतो आणि तीच माहिती फोनला पुरवतो. स्वतःचा पडदा असलेली डबी सगळ्यांत छान, पण महाग. हे सारं स्वच्छ अक्षरात लिहून तयार होतं. फक्त त्यात एक गोष्ट नव्हती, म्हणून पत्र टाकवत नव्हतं.

ती गोष्ट जुनी होती, पुतणीचे बाबा, म्हणजे काकांचा दादा, गाडी चालवायचा तेव्हाची. त्या दिवशी काका ट्रॅकच्या कठड्याआड स्टॉपवॉच घेऊन बसले होते, मांडीवर पुस्तक उघडं. "वाच रे तू," दादा नेहमी म्हणायचा, "पण गाडीचा आवाज आला की तेवढी मान वर कर." त्या फेरीला मान वर केली तेव्हा गाडी सुरुवातीची रेघ ओलांडून केव्हाच पुढे गेली होती. काकांनी घाईघाईने बटण दाबलं. फेरी संपताना मात्र अगदी वेळेवर दाबलं.

"किती?" दादाने गाडीतून उतरता उतरता विचारलं.

"एक बारा... पूर्णांक चार."

"बारा? अरे लेका, बारा?"

दादाने कधी नव्हे ती मिठी मारली. हेल्मेट कानावर आपटलं, तरी काकांना बरं वाटलं. ओठावर आलेली कबुली त्यांनी गिळली. गाडी त्याच महिन्यात विकली गेली आणि तो आकडा राहिला. दादा जाईपर्यंत तो सांगत होता, अगदी दवाखान्यातल्या परिचारिकेलासुद्धा.

आणि मंगळवारी पुतणीचं दुसरं कार्ड आलं. "वाट पाहून थकले, काका. फोनवरच भागवतेय. परवा शेवटच्या वळणाला ब्रेक मुद्दाम उशिरा लावला, तर गाडी गिरकी घेऊन वाळूत. मला काही झालं नाही. पण अजून दोन सेकंद जास्तच लागतायत. बाबांनी ते दोन सेकंद कुठून वाचवले हो?"

तयार पत्र खिशात घालून काका बाहेर पडले. पण आपण लिहिलंय ते बरोबर आहे ना? निदान ते तरी विचारून घ्यावं, म्हणून आधी गाड्यांच्या सामानाच्या दुकानात शिरले.

"काय आजोबा, शर्यतीत उतरताय?" दुकानदारीण म्हणाली.

"मी नाही. पुतणी."

"सगळे असंच म्हणतात." तिने एक छोटी डबी काउंटरवर ठेवली. "परवडणाऱ्यांत हा रिसीव्हर. याच्याहून भारी घ्याल तर खिसा रडेल, याच्याहून हलका घ्याल तर पुतणी."

"खरंच अचूक आहे?"

"विश्वास नाही? हा हातात धरा, माझा फोन घ्या आणि गल्लीला वळसा घालून या. पळू नका म्हणजे झालं!"

काका वळसा घालून आले. दुकानदारणीने फोनवर बोट फिरवलं. त्यांच्या वाटेची बारीक रेघ उमटली होती, खाली वेगाचा आलेख.

"चार मिनिटं एकोणीस सेकंद. चाल एकसारखी आहे हं तुमची. पण हे काय? इथे अठ्ठावीस सेकंद वेग शून्य."

"दम लागला असेल."

"दम लागला की वेग हळूहळू उतरतो, आजोबा. हा एकदम पडलाय. या कोपऱ्यावर काय... टपालपेटी ना? पत्र टाकायचं होतं की काय?"

काकांचे कान तापले. खिशातलं पाकीट त्यांनी तिथे बाहेर काढलं होतं आणि परत आत ठेवलं होतं. "हे सगळं सांगतं हे?"

"महाचुगलखोर आहे. माणूस कुठे कचरला, कुठे नको तेवढं धाडस केलं, लपत नाही काही."

काकांनी खिशातलं पाकीट बाहेर काढलं. मग म्हणाले, "जरा बसू का इथे? पेन मिळेल?"

ऑइल फिल्टरचे खोके सरकवून तिने स्टूल मोकळं केलं. काकांनी पाकीट उघडलं आणि पत्राच्या खाली लिहिलं :

"यंत्राबद्दल वर लिहिलं आहे, रिसीव्हरच घे. चालवताना पडद्याकडे बघू नकोस. घरी येऊन दोन फेऱ्या शेजारी मांडून बघ. आता खरी गोष्ट. तुझ्या बाबांची ती फेरी बाराची नव्हती. चौदाच्या आसपास असावी. मी पुस्तक वाचत होतो आणि फेरी सुरू होताना बटण उशिरा दाबलं. ते दोन सेकंद बाबांनी वाचवले नव्हते, माझ्या वाचण्यात गेले होते. त्या सेकंदांमागे धावत वळणात शिरू नकोस. तू बहुधा आत्ताच बाबांच्या बरोबरीला आली आहेस. त्यांना हे सांगायचा धीर मला झाला नाही. रागावलीस तर रागावून लिही, पण लिही."

"रिसीव्हर बांधू का?" दुकानदारणीने विचारलं.

"तिला विचारतो आधी. ती बोलली माझ्याशी, तर."

कोपऱ्यावर ते पुन्हा थांबले. मग त्यांनी पाकीट पेटीत सोडलं. आत ते दुसऱ्या कुणाच्या तरी पत्रांवर अलगद पडलं.