वाडग्याच्या आतली चार बोटं

मातीताईंचे हात सदा शिवशिवायचे. "एक दिवस हे हातच तुझं नाक कापतील," असं त्यांची बहीण म्हणायची, आणि ताई ते हसण्यावारी न्यायच्या.

त्या भांडी घडवायच्या आणि आठवड्यातून दोनदा शाळेत माती शिकवायला जायच्या. त्या वर्गात सगळी मुलं एकत्र बसत: धडधाकट, चाकांच्या खुर्चीतली, न बोलणारी, आणि जन्मापासून दृष्टी नसलेली मिरची. हे नाव तिला जिभेमुळे पडलं होतं. "ताई, तुम्ही सगळ्यांनाच छान म्हणता. मग छान म्हणजे राहिलं काय?" असं ती तोंडावर विचारायची.

मिरचीचा वाडगा झाला तो बेढब, एका अंगाला कललेला. पण आतून तिनं चार बोटं ओळीनं खोल दाबली होती.

"ताई, ही माझी खूण. प्रदर्शनात आईला म्हणणार, तू गप्प उभी राहा. तीस वाडग्यांतून माझा मीच शोधते."

घरी आई तिला साधा पाण्याचा पेलाही भरू देत नसे, सांडेल म्हणून. या वाडग्यानंतर भरू देईल, असा पोरीचा बेत होता.

भट्टी लावायच्या आदल्या दुपारी ताई एकट्याच होत्या आणि तो वाडगा हाती आला. लोक बघून 'बिचारी' म्हणतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं कारण मेलं वेगळंच होतं. लोक म्हणतील, हिनं शिकवलं तरी काय? ताईंनी ओला स्पंज फिरवला, काठ सारखा केला, आतले खड्डे अंगठ्यानं बुजवले. खूण आठवली नाही असं नाही. 'नावाची चिठ्ठी लावणार आहोतच की,' असं म्हणून त्यांनी ती पुसली. मग वाडगा भट्टीत गेला, आणि भाजलेली माती काही परत मऊ होत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मिरचीनं आईला दाराशी उभं केलं आणि टेबलाच्या एका टोकापासून सुरुवात केली. बोटं आत घालायची, पुढे सरकायची. तिसावा वाडगा झाला. ती परत पहिल्यापाशी आली.

आईला राहवेना, ती टेबलाशी आली. "अगं, हा काय तुझा! नाव आहे चिठ्ठीवर. किती सुबक झालाय!"

"हा माझा नाही."

"विसरली असशील, बाळा. होतं असं."

मुख्याध्यापिका हसल्या, दोन पालक 'गोड आहे हो' म्हणाले. मिरची हसली नाही. तिनं दोन्ही हात फ्रॉकला पुसले, वाडगा पुन्हा चाचपला आणि कधी नव्हे त्या बारीक आवाजात म्हणाली, "ताई, माझी बोटं चुकली का?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. ताईंच्या तोंडून तो 'हो' जवळजवळ निघालाही होता, आणि त्याचीच त्यांना पुढे सर्वांत जास्त लाज वाटत राहिली.

"नाही गं. बोटं बरोबर आहेत. तुझी खूण मी बुजवली. वाडगा चांगला दिसावा म्हणून."

मुख्याध्यापिका चष्मा पुसायला लागल्या. कानशिलं तापलेली, मान खाली, अशा ताई उभ्या राहिल्या. मिरचीनं त्यांचा हात मागितला, अंगठा चाचपला आणि वाडग्याच्या आत, बुजवताना उमटलेल्या पुसट खोलगटात टेकवला. तो नेमका बसला.

"मग चिठ्ठी बदला," ती म्हणाली.

ताईंनी मिरचीचं नाव काढलं आणि स्वतःचं लिहिलं.

"आई, काय लिहिलंय? मोठ्यानं वाच."

आईनं ताईंकडे पाहिलं. तिला संकोच वाटला. पण तिनं वाचलं. मग लेकीला जवळ न ओढता, न धरता, ती म्हणाली, "चल, तहान लागलीय मला. तिथे पाण्याचा जग आहे. मला पेला भरून दे."