कुंपणाला हरकत

"तुमचं बघून झालं असेल तर जरा माना फिरवा," गवंडीण अंगणातून म्हणाली आणि हातातली कळशी तिनं अशी आदळली की पाणी उडून थेट उंबऱ्याच्या आत गेलं.

आम्ही चौघं न्हाव्याच्या दुकानापुढच्या बाकावर बसलो होतो. बाक तिच्या अंगणाच्या बरोबर समोर, मध्ये फक्त गाडीवाट. आता बाकाचं तोंडच तिकडं, त्याला आम्ही काय करणार? बरं, मान फिरवावी तर न्हाव्याच्या आरशात पुन्हा तेच अंगण.

"वहिनी, आम्ही तुमच्याकडं बघत नाही, समोर बघतोय," टेकू म्हणाला. हा माणूस कशाला तरी टेकल्याशिवाय उभा राहत नाही, म्हणून गावानं त्याला टेकू म्हणायचं ठरवलं.

"समोर मीच आहे," गवंडीण म्हणाली.

भांडणाचं मूळ असं, की गवंडी दोन महिन्यांपूर्वी बांधकामाच्या परांचीवरून पडला. तोही वरून नाही, उतरताना शेवटच्या फळीवरून. त्यामुळं लोकांना हळहळ जरा बेतानंच वाटली. पण मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर काढल्यावर डॉक्टर म्हणाले, सकाळ-संध्याकाळ अंगणात वीस-वीस फेऱ्या मारा. महिन्याभरात पाय मोकळा झाला नाही तर गुडघा आखडेल तो कायमचा. मग परांचीचं नाव काढू नका.

पहिल्या दिवशी गवंडी काठी टेकत बाहेर आला. आम्ही शेजारधर्म म्हणून बाकावरून धीर दिला.

"डावा उचल, डावा."

"अरे, तो डावाच उचलतोय. मोडलाय तो उजवा."

"मग उजवा उचल म्हणावं. डाव्याचं काय कौतुक?"

टेकूनं फेऱ्या मोठ्यानं मोजायला घेतल्या. तिसऱ्या फेरीला गवंडी मातीत बसला. आम्ही चौघंही धावलो. एक उचलायला, तिघं जवळून बघायला.

तेव्हापासून गवंड्यानं भिंतीकडं तोंड करून खाट धरली. "या गावातल्या निम्म्या भिंती मी सरळ उभ्या केल्यात," तो बायकोला म्हणाला. "आता मी वाकडा चालणार आणि हे बघणार. मला नाही जमायचं."

महिन्यातले नऊ दिवस असेच गेले. दहाव्या दिवशी गवंडीण कचेरीत गेली. रस्त्याकडच्या बाजूला गुडघ्याच्या वर काही बांधायचं तर कचेरीची परवानगी लागते. तिला पुरुषभर उंच, बांबूच्या तट्ट्यांचं कुंपण हवं होतं.

कारकुनानं अर्ज पुढं ओढला. "कारण?"

"लोक बघतात."

"कुणाला?"

"नवऱ्याला."

"तुमच्या?"

"नाही, भाड्यानं आणलाय."

कारकून सरळ माणूस. 'भाड्यानं' लिहून त्यानं मग खोडलं. "असं मोघम चालत नाही काकू. नवऱ्यात बघण्यासारखं काय आहे ते लिहावं लागेल."

गवंडिणीनं दात आवळून सगळं सांगितलं. अर्ज नियमाप्रमाणं हरकतींसाठी पंधरा दिवस कचेरीच्या फळ्यावर लागला: 'अर्जदाराचे पती धडपडत चालतात. ते लोकांना दिसते. सबब आडोसा मिळावा.' ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना ठाऊक झालं. वरच्या वाडीची माणसं खाली उतरायला लागली. न्हाव्यानं दुसरा बाक टाकला.

हरकती तीन आल्या. न्हाव्याचं म्हणणं, समोर अंगण असलं की गिऱ्हाईक मान स्थिर ठेवतं. कुंपण घातलं आणि कुणाचा कान गेला तर जबाबदार कोण? टेकूचं म्हणणं, नवीन कुंपणाला टेकता येईल का ते अर्जात लिहिलेलं नाही. पलीकडची मावशी म्हणाली, "हिनं दोरीवरचे कपडे काढले की मी माझे काढते. कुंपण झाल्यावर पाऊस येणार हे मला कोण सांगणार?"

"आभाळाकडं बघा," गवंडीण म्हणाली.

"या वयात मान वर होते का बाई?"

तीन हरकती म्हणजे जागेवर पाहणी आली. भर दुपारी कचेरीचे अध्यक्ष, कारकून, खुंट्या आणि दोरी आली. मागोमाग गाव आलं. ऊन असं की अंगणातली काळी माती चिरा पडून उललेली, पाय ठेवावा तर भाजावा. लोकांनी बघू नये म्हणून केलेल्या अर्जापायी तीसेक माणसं अंगणात उभी राहून आत बघत होती. डॉक्टरांच्या महिन्यातले चार दिवस उरले होते.

कारकुनानं पहिली खुंटी ठोकली, दोरी ओढली, दुसरी खुंटी ठोकली. अध्यक्षांनी सावली बघून तिसरी ठोकायला सांगितली.

"दोरी ढिली आहे," खिडकीतून आवाज आला.

कुणी लक्ष दिलं नाही.

"अहो, कोन चुकतोय. हातभर बाहेर गेलाय कोपरा."

"सरकारी मोजणी आहे," कारकून म्हणाला.

"सरकारी असू दे. काटकोनात नाही ती."

कारकुनानं चौथी खुंटी ठोकली. आत खाट करकरली. गवंडी दारात आला, पायरी उतरला आणि अंगण ओलांडून सरळ कोपऱ्यावर गेला. कारकुनाच्या हातातली दोरी हिसकून घेतली. "एका बाजूला तीन हात धर, दुसऱ्या बाजूला चार. तिरकं माप पाच आलं की कोन बरोबर. एवढंही शिकवत नाहीत का कचेरीत?"

काठी आत खाटेलाच टेकलेली होती. हे आधी गवंडिणीला कळलं. तिनं पदर तोंडावर धरला. मग आम्हाला कळलं. गवंड्याला सगळ्यात शेवटी, खुंटी उपटून झाल्यावर.

"चालतोय की हा," अध्यक्ष म्हणाले.

कारकुनानं तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं: 'पाहणीच्या वेळी पती चालताना आढळले. कारण उरले नाही. अर्ज निकाली.'

गवंडीण त्या दिवशी कारकुनाशी भांडली नाही. इतकी ती खूश होती.

गवंड्यानं फेऱ्या सुरू केल्या. वीसच्या तीस झाल्या. मग अंगण पुरेना म्हणून तो गाडीवाट ओलांडून बाकापर्यंत यायला लागला. आम्ही सरकून जागा दिली. इतकी वर्षं त्या घरात राहून त्यानं स्वतःचं अंगण समोरून कधी बघितलंच नव्हतं.

"कपड्यांची दोरी तिरकी बांधलीये," तो पहिल्या दिवशी म्हणाला. दुसऱ्या दिवशी, "झाडताना तो डावा कोपरा रोज सोडते ही." आम्ही वर्षानुवर्षं बघत होतो, पण कोपरा आमच्या कधी लक्षात आला नव्हता. शेवटी जाणकाराची नजर. तिसऱ्या दिवशी तो जाग्यावरून ओरडला, "अगं, कळशी कलंडेल, जरा आत ठेव."

गवंडिणीनं कळशी जरा आत ठेवली, चपला घातल्या आणि कचेरीत गेली.

"कारण?" कारकुनानं विचारलं.

"लोक बघतात."

"काकू, जुनं कारण चालणार नाही."

"नवीन आहे. लिहा, नवरा बघतो."

कारकून लग्न झालेला माणूस. त्यानं पुढं काही न विचारता लिहून घेतलं आणि त्याच दिवशी अर्ज फळ्यावर लावला. न्हावी गप्प बसला, टेकू गप्प बसला, मावशीनं तर अर्जाला पाठिंबा दिला. पंधरा दिवसांत हरकत एकच आली. ती गवंड्यानं घेतली. कचेरीपर्यंत काठीशिवाय चालत जाऊन.