वळचणीचं पोळं

गांधीलमाशीचं रिकामं पोळं लय कामाचं. माशा सोडून गेल्या की ते झाडाला नायतर गोठ्याला तसंच लोंबत राहतं, जुन्या कागदासारखं, पट्ट्यापट्ट्याचं. असंच एक पोळं मी शेणव्याच्या एसटी थांब्यात, बाकड्याच्या बरोबर वर, सुतळीनं बांधून ठेवलं. थांब्यात कोण बसंना. सगळे पाशिंजर लांब, चिंचेखाली. आणि चिंचेखाली कोण उभी? माझी जीप. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "महिपत, ह्या माशा उडत कशा नाय रे?" मी बोललो, "दुपारच्या झोपतात आजोबा, मोठ्यानं बोलू नका." म्हातारा शहापूरपर्यंत कुजबुजत आला.

तर माशांशी माझी अशी ओळख. जिवंत पोळं पण मीच काढायचो, गावात कोणाचंही. पण शेजारच्या सकुकाकीच्या घराला मात्र मला हात लावता आला नाय.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. सकुकाकीच्या घरात तीन माणसं. काकी, तिचा मुलगा ज्ञानेश्वर, आणि सून सरिता. काकीचा नवरा, धाऊकाका, कधीच गेलेला. ज्ञानेश्वर आसनगावला कंपनीत, शिफ्टमधी. हसरा माणूस. माझ्या फालतू जोकला पण हसायचा, म्हणून मला लय आवडायचा.

सरिताचं माहेर वैशाखरे. पहिलं पोर तिकडंच पोटात असताना गेलं. दुसरं दिवस भरून जन्मलं, पण रडलंच नाय. त्या दुसऱ्या खेपेला ज्ञानेश्वरनं राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडल्या होत्या. दरसाल सगळेच तोडतात, शेतात पसरून जाळायच्या नि त्या राखेवर भाताची रोपं करायची. त्या फांदीत गांधीलमाशांचं पोळं होतं. कोयत्याच्या घावासरशी फांदीसकट खाली आलं. ज्ञानेश्वर पळाला, पण दोन-चार डसल्याच. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजून वांग्यासारखे, श्वास अडकला. शहापूरला डॉक्टरनं इंजेक्शन मारलं नि सांगितलं, "ह्या वेळेला वाचलास. परत चावली तर इथपर्यंत यायला टाइम मिळेल असं धरून चालू नकोस."

पोर त्यानंतर थोड्याच दिवसांनी मेलेलं जन्मलं. भगतानं तांदूळ टाकून बघितले नि काकीला बोलला, "तुमच्यात पोटुशी बाई असताना कुणाचं तरी घर मोडलंय." काकीला दुसरं काय पाहिजे? तिच्या आईच्या तोंडून तिनं हेच ऐकलेलं. घरात पोटुशी असली की घरातल्यानं चिमणीचं, मुंगीचं, कुणाचंच घर मोडायचं नाय. दुसऱ्याला सांगून पण नाय.

आणि आता सरिताला तिसऱ्यांदा दिवस गेलेले. ह्या वेळेला माहेरी पाठवली नाय. नवरात्रापर्यंत आठवा सरत आला. आणि त्याच पावसाळ्यात पाठच्या दाराच्या वळचणीला गांधीलमाशांनी घर केलं.

आधी लिंबाएवढं होतं. गौरी-गणपतीला नारळाएवढं. नवरात्र आलं तेव्हा पाणी तापवायच्या हंड्याएवढं झालेलं, दोन वाशांच्या मधी. माशा पण बोटाच्या पेराएवढ्या, तपकिरी, कमरेला पिवळा पट्टा. त्यांचा आवाज माझ्या ओटीवर यायचा.

काकीनं पाठचं दार कडी घालून बंद करून टाकलं. ज्ञानेश्वरनं पुढच्या दारानं जायचं, आंघोळ विहिरीवर. झालं, एवढाच बंदोबस्त.

मी गेलो काकीकडं. "काकी, काढू काय? पाच मिनिटांचं काम."

"तोंड सांभाळ. सरिताचं पोट बघतोस ना?"

"मग तुमी सांगूच नका. मी आपला येडा. मला आला झटका नि मी मोडलं. तुमच्या नावावर कायपण नाय."

काकी डोळे बारीक करून बोलली, "तू मला आता सांगितलंस ना? मग मला ठाऊक झालं. आता तू मोडलंस तरी ते आमीच मोडल्यात जमा."

"अरे! मग मी सांगितलं नसतं तर?"

"तर बरं झालं असतं. पण तुझं तोंड कधी गप राहिलंय?"

ज्ञानेश्वर पाठीमागं हसत होता. "आई, ह्याला कोर्टात घाल, वकील होईल." काकीनं त्याच्याकडं बघितलं पण नाय. मला हाताला धरून तुळशीपाशी नेलं. "घे शपथ. पोर होईपर्यंत हात लावणार नाय." घेतली शपथ. तुळशीला हात लावून खोटं बोलण्याएवढा मी तेव्हा धीट नव्हतो.

ज्ञानेश्वर मला रस्त्यात भेटला. "तू कशाला डोक्याला ताप करतोस, दादा? एक महिना. मग तूच काढ, मी लांबून टाळ्या वाजवतो."

"आणि त्याच्या आधी एक डसली तर?"

"तर तुझी जीप आहे ना. फुकट नेशील, एवढंच काय ते." हे पण हसूनच.

सरिता हसत नव्हती. तिचं सगळं लक्ष वर. ज्ञानेश्वर ओटीवर बसला की ती त्याच्या डोक्यावरची कौलं बघायची. त्याचा खुंटीवरचा शर्ट झटकून मगच हातात द्यायची. एक दिवस कुंपणाला आली, हातात सूप, तांदूळ निवडल्यासारखं करत.

"भावजी, तुमी ती पोळी जाळता कशी वो?"

मला कोणी माझ्या कामाचं विचारलं की मी फुगतो. "बांबूला चिंध्यांचा पलिता बांधायचा. रॉकेलात बुडवायचा. पेटवला की सरळ पोळ्याच्या तोंडाला लावायचा. पंख जळतात, पटापटा खाली. पण पार काळोख पडल्यावर. सगळ्या घरात आल्या पायजेत. दिवेलागणीला निम्म्या बाहेर असतात, त्या आल्या नि घर नाय दिसलं तर पिसाळतात. आणि जाळल्यावर तिकडं फिरकायचं नाय दोन-तीन दिवस."

"असं काय," बोलली नि सूप घेऊन गेली. मला वाटलं, बाईमाणूस, भ्यायलीय, म्हणून विचारतेय.

त्यानंतर अष्टमी आली. सांजच्याला सगळा गाव देवीच्या आरतीला. सकुकाकी पण. ज्ञानेश्वर सेकंड शिफ्टला. मी किन्हवलीचं भाडं घेऊन गेलेलो. आलो तेव्हा सगळीकडं शांत. शेजारून आवाज येत नाय एवढं ध्यानात आलं असतं तर बरं झालं असतं, पण दमलेलो, झोपलो.

सकाळी मी ओटीवर मशेरी लावत बसलेलो. शेजारच्या पाठच्या दाराची कडी वाजली. दार उघडलं नि ज्ञानेश्वर बाहेर, माशांचा आवाज कसा बंद झाला ते बघायला. बनियनवर, लुंगीत, केस विस्कटलेले. वर बघतोय. वळचणीला काळा डाग, वासे जळून कोळसा. खाली पोळ्याचे तुकडे आणि मेलेल्या माशांचा सडा.

तो टाळ्या वाजवायला लागला. खरंच. लहान पोरासारखा. मग माझ्याकडं वळून मोठ्यानं ओरडला, "महिपतदादा! तूच ना रे, चोरा! शपथ घेतलेलीस ना!"

माझं तोंड मशेरीनं भरलेलं. आणि फुकटचं नाव मिळत असलं की मी कधी नाय बोलत नाय. मी डोळा मारला. त्याच्या पाठीमागं दारात सकुकाकी येऊन उभी राहिली, तिनं ते सगळं ऐकलं नि बघितलं.

ऊन तेवढ्यात वळचणीला आलं. तेव्हा मला दिसल्या. वाशाच्या पलीकडच्या अंगाला, जिथं आग पोचली नव्हती तिथं, एकमेकींना धरून लोंबत होत्या. मूठभर. रात्रभर गारठलेल्या. मी थुंकलो, ओरडलो, "ज्ञाना, बाहेर हो! बाहेर हो तिथून!" पण तो आनंदात. त्यानं उडी मारली नि वाशावर हात आपटला, ढोल वाजवावा तसा.

दोनच चावल्या असतील. एक मानेला, एक कानामागं. तो धावत पुढच्या अंगणात आला, माझ्याकडं बघून बोलला, "झालं रे, दादा." घाबरलेला वाटला नाय. चूक झाल्यासारखा वाटला.

मी जीप काढली. त्याला पुढं बसवला. सरिता पाठीमागं चढली, सीटवरून दोन्ही हात पुढं घालून त्याला छातीशी धरून बसली. काकी अंगणातच.

शेणवा ते शहापूर मी कधी एवढी जोरात गाडी मारली नाय. ज्ञानेश्वरचं तोंड ओळखू येईना. घशातून शीळ वाजल्यासारखा आवाज. सरिता त्याच्या कानात काहीतरी सारखं बोलत होती. मग तो आवाज बंद झाला. सापगावचा पूल आला तेव्हा त्याची मान माझ्या खांद्यावर पडली, नि मला कळलं. तरी मी गाडी हळू केली नाय. तिच्यासाठी.

पुलावर तिनं सांगितलं. "मीच जाळलं, भावजी. काल सांजेला."

तिच्या पदराला रॉकेलचा वास येत होता. सकाळपासून येत होता. हातावरचे बारीक केस करपलेले.

"काळोख पडेपर्यंत थांबली का नायस?"

"काळोखाला आई आल्या असत्या." तिनं त्याची मान माझ्या खांद्यावरून उचलून धरली. "काल दुपारी हे जेवत होते नि ताटाच्या कडेवर एक माशी बसली. मी पदरानं उडवली. उडता उडता यांच्या हाताला लागून गेली. मी देवीला सांगितलं, एकच ठेवायचं असेल तर यांना ठेव. मग पेटवलं."

"त्याला सांगितलं का नायस, तिकडं जाऊ नको म्हणून?"

"सांगितलं असतं तर त्यांनीच मोडल्यासारखं झालं असतं ना. त्यांच्या अंगावर कशाला? सकाळी ते उठल्यावर, कडी काढायच्या आधी मी कायतरी बोलणार होते. मी चूल पेटवत होते. तेवढ्यात ते उठून कडी काढायला गेले पण."

शहापूरला डॉक्टरनं फक्त डोळे उघडून बघितले.

आमी त्याला घेऊन परत आलो. अंगणात माणसं जमलेली. सकुकाकीच्या हातात जळक्या पोळ्याचा तुकडा. तिनं मुलाकडं बघितलं. मग सुनेच्या पोटाकडं बघितलं. मग जोरात विचारलं, सगळ्यांसमोर, "मोडलं कोणी?"

सरितानं तोंड उघडलं.

सकाळी अख्ख्या आळीनं ज्ञानेश्वरचं ओरडणं ऐकलेलं. माझं डोळा मारणं काकीनं स्वतः बघितलेलं. मला नवीन कायपण रचायचं नव्हतं. "मी," बोललो.

"तुळशीला हात लावलेलास, मुडद्या."

"हो."

"गंमत वाटली तुला?"

"हो काकी. वाटली."

तिनं मारलं मला. हातातला तुकडा तोंडावर चुरडला. कोणी मधी पडलं नाय, आणि कशाला पडतील? माझ्या बायकोनं पण दार लावून घेतलं. जिभेवर राख नि माशांचे पंख. सरिता खाली बसली होती, ज्ञानेश्वरच्या पायाशी, आणि गप होती. ती गप राहिली हे बरं झालं, असं मला तेव्हा वाटलं. दोन जीवांची बाई, नवरा नाय, वैशाखऱ्याला भावाच्या घरात कोण विचारतंय? काकीनं तिला त्याच दिवशी हाकलली असती.

पोर दिवाळी सरल्यावर झालं. मुलगी. जन्मल्या जन्मल्या एवढी रडली की माझ्या घरापर्यंत आवाज. नाव ठेवलं भूमिका.

सकुकाकी बदललीच. सुनेला पाणी पण भरू देईना. विहिरीवर, गिरणीत, रस्त्यात भेटेल त्या बाईला सांगायची, "माझ्या सुनेनं पाळलं गो. त्या मेल्यानं माझा मुलगा खाल्ला, पण हिनं पाळलं म्हणून पोर तरी पदरात पडली." माझी जीप दिसली की पोरीच्या तोंडावर पदर टाकायची. गावातली निम्मी माणसं माझ्या जीपमधी बसायची बंद झाली. थांब्यातल्या त्या पोळ्याला आता कोणी घाबरत नव्हतं, त्याच्याखाली एसटीची वाट बघत तासन्‌तास बसून राहायची, पण माझ्याकडं येत नव्हती.

शिमग्याच्या सुमाराला एक दिवस सरिता पोरीला घेऊन गावाच्या पुढं, वळणावर उभी दिसली. डोस द्यायला शहापूरला चाललेली. काकीला दिसू नये म्हणून तिथपर्यंत उन्हातनं चालत आलेली. पुढं, माझ्या बाजूला बसली.

पोरीला मांडीवर नीट घेतलं. मग, "भावजी, खरं सांगून टाकू काय त्यांना?"

"सांगून काय होणार? तुला घालवतील. पोर ठेवून घेतील."

"मग रोज ऐकायचं?"

"मला शिव्या देतात ते ना? माझी कातडी जाड आहे. तू ते मनाला लावून घेऊ नको."

"ते नाय." तिनं पोरीच्या कानावर टोपी ओढली, जसं काय पोरीला कळणार होतं. "मी पाळलं म्हणून ही जगली, ते. रोज बोलतात. मला जवळ घेऊन बोलतात. मी तर हिला सोडलं होतं, भावजी. मेली तर मेली म्हणून पलिता उचललेला मी."

मला कशावरपण कायतरी सुचतं. तेव्हा मी नुसता गिअर बदलला.

सापगावला एक बाई चढली, कोळंबीची पाटी घेऊन, आमच्या गावची नव्हती. सरिताच्या मांडीवरचं पोर बघून तिला राहवेना. गालाला हात लावला, बोटं मोडली.

"गोड आहे गो. पयलीच काय?"

"तिसरी," सरिता बोलली.

बाईनं मागं वळून जीपमधी बघितलं, बाकीची दोन कुठं बसलीत ते.