पाच फ्लॉप्या

डिस्क मरायला लागलीय हे अवघ्यांच्या आधी मला कळलं. आवाजावरून. सकाळी मशीन चालू केलं की आधी पंखा, मग डिस्कचं हूंऽऽ असं चढत जाणं, मग एक टिक, असं रोजचं होतं. त्या आठवड्यात ते हूं यायचंच नाही. नुसतं टक, टक, टक, आणि पडद्यावर डिस्क सापडत नाही म्हणून एक ओळ. मशीनच्या डब्याला बाजूनं तळहाताची एक ठेवून दिली की मग चढायची. दुपारी वीज जाऊन आली आणि तोवर खिडकीतलं ऊन डब्यावर आलेलं असलं, तर न मारताही चढायची. हे मी बघून ठेवलं होतं. कोणाला सांगितलं नाही, कोणी पुसलंच नाही.

हयग्रीवमामांचं कॉम्प्युटर सेंटर कुंभकोणात, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. सेंटर म्हणायचं, पण मशीन एकच, आणि ते चालवणारी मी एकटी. दहावीत गणिताच्या बाईंनी वही फेकली, मी ती परत फेकली, आणि मग शाळेत गेलेच नाही. मामांनी इथं बसवलं. तिरुभुवनमचे विणकर येत, त्यांच्या साडीचं डिझाइन मी पडद्यावर चौकोन भरून काढायची. एक चौकोन म्हणजे एक धागा. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, पट्ट्या मागावर चढवतात, आणि माग त्या भोकांप्रमाणे धागे उचलतो.

त्या वेळी डिस्कवर महालिंग मास्टरांची साडी होती. मास्टर तीस वर्षं दुसऱ्यांच्या लग्नाच्या साड्या विणत आले होते, आणि ही त्यांच्या घरची, मुलीच्या मुहूर्ताची. धनलक्ष्मीचं लग्न दिवाळीनंतर लगेच. पदरावर तिरुविडैमरुदूरच्या देवळाचा रथ हवा होता, चार घोड्यांचा. कागदावर काही नव्हतं. मास्टर सहा आठवडे माझ्या शेजारी स्टुलावर बसून सांगायचे, तमिळमध्येच, मला पाप्पा, म्हणजे पोरी, म्हणत, "पाप्पा, हा चौकोन एक घर खाली. घोडा लंगडतोय." मी चिडायची. एकदा म्हटलंसुद्धा, तुम्हीच काढा. ते म्हणाले, "मला आलं असतं तर तुझं तोंड बघत बसलो असतो का?" आणि पुन्हा, हा चौकोन एक घर खाली. काठ झाला, अंग झालं, पदर झाला. काठ आणि अंगाच्या पट्ट्या मागावर चढल्या, अर्धी साडी विणून झाली होती. पदराच्या पट्ट्या पाडायच्या बाकी. तो रथ जगात एकाच जागी होता, त्या टकटक करणाऱ्या डिस्कमध्ये.

मामांनी तंजावरला रघुपतीला फोन लावला. रघुपती आमच्यातलाच, इकडचाच मराठी, लांबचा भाऊ लागतो, मशीनं दुरुस्त करतो. मी रिसीव्हरला कान लावून उभी होते. तो म्हणाला, "आतली चकती चिकटायला लागलीय. आता चालू आहे ना? मग बंद करू नका. बंद केलीत तर पुन्हा फिरेल याचा भरवसा नाही. जे हवंय ते फ्लॉपीवर काढून घ्या. विजयादशमीला सकाळी नवी डिस्क घेऊन येतो, उद्या आयुधपूजेला कोण दुकान उघडतंय."

काठ, अंग, पदर या तिन्ही फायली मावायला पाच फ्लॉप्या लागत होत्या, एकीतून दुसरीत तुकडे करून. दोन गेल्या. तिसरी खराब निघाली. मग सगळं पहिल्यापासून. पुन्हा तिसरी, पुन्हा तेच. फ्लॉप्यांच्या डब्यात दुसऱ्या नव्हत्या. मी डबा आपटला आणि कॉफी प्यायला खाली गेले. वर आले तर मामा पुसतात, "झालं का काढून?" म्हटलं, चाललंय. अर्ध्या तासानं पुन्हा, "झालं का?" तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा मी म्हटलं, "झालं म्हटलं ना. किती वेळा सांगू?"

एवढंच. तोंडातून गेलं. मनात होतं की नव्या फ्लॉप्या आणायच्या आणि काढून टाकायचं, मग खोटं कुठं राहिलं. पण पूजेसाठी दुकानं लवकर बंद झाली होती. म्हटलं पहाटे येऊन जुन्या फ्लॉप्या पुसून पुन्हा बघू. मशीन चालूच ठेवून गेले.

पहाटे आले तर जिन्यावर केळीचे खांब बांधलेले आणि वर पंखा बंद. मला पायरीवरूनच कळलं. काहीच ऐकू येत नव्हतं.

मामांनी मेन स्विच पाडला होता. डब्याला ओलं फडकं मारून झालेलं, पडद्याला चंदनाचे तीन पट्टे, मधे कुंकू, कीबोर्डवर झेंडूची माळ. मामा माउसच्या वायरीला फूल बांधत होते.

"बंद केलं?" मी म्हटलं.

"आज अवघ्या हत्यारांनी निजायचं. तुझ्या फ्लॉप्या आहेतच, उद्या रघू येतोच. मग कशाला चालू ठेवायचं?" ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तोंड का असं? खाल्लं नाहीस?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "खाल्लं."

आयुधपूजेच्या दिवशी पूजेत ठेवलेल्याला हात लावायचा नसतो. सुतार पटाशीला लावत नाही, रिक्षावाला रिक्षाला लावत नाही. मी दिवसभर त्या माळ घातलेल्या डब्यासमोर बसून होते, लोकांना चुरमुरे आणि सुंडल, प्रसादाची उसळ, वाटत. मधेच वाटायचं, आत चकती आता गार होतेय. अजून गार होतेय. एकदा मी नुसता तळहात डब्यावर ठेवला, तर मामा म्हणाले, "हात नको." पितळेसारखा गार लागला.

दुपारी महालिंग मास्टर आले, नवी वेष्टी, धोतर, नेसून. घरून हरभऱ्याच्या सुंडलचा डबा आणला होता, आणि कागदात गुंडाळून मागावरची एक भोकं पाडलेली पट्टी. ती त्यांनी कीबोर्डपाशी ठेवली, नमस्कार केला, आणि मला म्हणाले, "काठाची आहे. म्हटलं, जिथनं निघाली त्या मशीनला दाखवून आणू. परवा अंग संपतंय, पाप्पा. पदर देशील ना?"

"देते," मी म्हटलं.

"धनलक्ष्मी पुसते, घोडे कसे दिसतात. मी म्हटलं, पंकजाला पुस, ती त्यांच्या खुरांनाही शिव्या देऊन बसलीय."

मामा हसले. मी हातातलं सुंडल खाली ठेवलं. हात धुवायच्या निमित्तानं मागे गेले आणि नळ चालू ठेवून उभी राहिले.

विजयादशमीला अकराच्या सुमाराला रघुपती आला, काखेत खोका. मास्टर आधीच येऊन स्टुलावर बसले होते, पदराची फाइल आजच नेऊन पट्ट्या पाडायला द्यायच्या म्हणून. मामांनी कापूर ओवाळला, माळ काढली, स्विच वर केला.

पंखा. मग टक. टक. टक.

रघुपतीनं दोनदा बंद करून चालू केलं, डब्याला चापट मारली. मग खांदे उडवून म्हणाला, "गेली ती. जाऊ दे, नवी बसवतो. काय गं, फ्लॉप्या आण."

मी माळेतून गळलेली झेंडूची फुलं वेचायला लागले.

"पंकजा, फ्लॉप्या," मामा म्हणाले.

"नाहीत."

"नाहीत म्हणजे घरी राहिल्या?"

"काढल्याच नाहीत. तिसरी खराब निघाली. मी झालं म्हटलं ते खोटं म्हटलं."

मराठीत बोलले, पण मास्टरांना कळलं. ते मामांच्या तोंडाकडे बघत होते, मग डब्याकडे. मामा इतकंच म्हणाले, "माझ्या हातानं बंद केली मी." मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मास्टरांनी पुठ्ठ्याची पट्टी पुन्हा कागदात गुंडाळायला घेतली आणि गुंडाळी नीट बसेना.

मला रागच आला, कोणाचा ते ठाव नाही. मी म्हटलं, "रघुअण्णा, ती उन्हात चढते."

"काय?"

"डब्यावर ऊन असलं की मारायला लागत नाही. मी बघितलंय. चार वेळा."

रघुपती हसणार होता, हसला नाही. स्क्रू काढले, डिस्क बाहेर काढली, तळहातावर तोलली. मामांच्या टॉवेलात गुंडाळून आम्ही ती गच्चीवर फरशीवर ठेवली. अर्धा तास मी तिच्याशेजारी बसून होते, कावळे हाकत. टॉवेल तापला तशी ती घेऊन पळत खाली आले. तोवर रघुपतीनं नवी डिस्क बसवून ठेवली होती आणि जुनीसाठी वायर मोकळी सोडली होती. त्यानं जुनी हातात आडवी धरली, म्हणाला, "स्विच टाक," आणि मी टाकल्याबरोबर मनगटाला एक झटका दिला, कुलपात किल्ली फिरवल्यासारखा.

टक. काही नाही.

पुन्हा झटका.

हूंऽऽ.

रघुपती ती तशीच हातात धरून बसला, मांडीवर कोपर टेकून, म्हणाला, "खाली ठेवत नाही मी. तू चालव. आधी कुठली?"

"पदर."

त्याच्या फ्लॉपीतला प्रोग्रॅम एकेक तुकडा जुनीतून उचलून नवीत टाकत होता. निम्म्याला आलं आणि अडलं. हा तुकडा वाचता येत नाही, पुन्हा बघू की सोडू? मी 'पुन्हा' दाबलं. टक. 'पुन्हा'. टक टक. 'पुन्हा'.

"सोड," रघुपती म्हणाला. "तिथंच घासत बसलीस तर उरलेलंही जाईल."

माझं बोट 'पुन्हा'वरच होतं. हरायला मला येत नाही. वळून मास्टरांकडे बघितलं. ते पडदा बघत नव्हते, रघुपतीच्या हाताकडे बघत होते, तो हात दमून खाली झुकायला लागला होता. मी 'सोड' दाबलं. आणखी दोनदा अडलं, दोनदा सोडलं. पदर संपला. काठाची फाइल निम्मी आली आणि हातातल्या हातात डिस्क थांबली. पुन्हा किती झटके दिले, नाही फिरली. काठाची आणि अंगाची आता गरज नव्हती, त्या पट्ट्या मागावर होत्याच.

नव्या डिस्कवरून पदर उघडला. कळस आला, रथ आला, चाकं आली. घोडे पोटापर्यंत आले. त्याखाली काळा पट्टा, आणि पट्ट्याखाली जमीन नीट.

"पाय गेले," मी म्हटलं.

मास्टरांनी स्टूल पुढं ओढलं, सहा आठवडे ओढायचे तसं. कागदातली पट्टी काढून पुन्हा टेबलावर ठेवली. "पहिल्या घोड्याचा पुढचा पाय," ते म्हणाले, "गुडघ्यात मोडलेला. डावीकडून तिसरा चौकोन. लिही."

संध्याकाळपर्यंत सोळा पाय झाले. एकदाही म्हटलं नाही की तुम्हीच काढा. मधे मामा कुठूनतरी फ्लॉप्यांचा नवा डबा घेऊन आले, माझ्यापुढे ठेवला आणि बाहेर गेले. काढून झाल्यावर मी त्या मास्टरांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या सुंडलच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या, झाकण लावलं, उठले, आणि दारापाशी थांबले.

"आहे ना आत, पाप्पा?"

"आहे."

त्यांनी झाकण उघडून पुन्हा लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दाखव."

मी डबा त्यांच्या हातून घेतला, मशीन पुन्हा चालू केलं, आणि पहिली फ्लॉपी आत घातली.