डावा गाल

आईने चमचा वाटीत ठेवला आणि ठमीचा डावा गाल खिडकीकडे वळवला. पुन्हा लाल. कानापासून हनुवटीपर्यंत बारीक पुरळ उठलं होतं.

“अंडंही बंद,” ती म्हणाली.

सासूबाईंनी अंड्याची वाटी उचलून नेली. आधी केळं बंद झालं होतं, मग गहू. आठ महिन्यांच्या पोरीला आता दूध आणि शिजवलेलं गाजर एवढंच उरलं होतं, आणि गाजर दिसलं की ठमाबाई ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. वजन काही वाढेना. एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही सकाळी, मग काही दिवस थांबायचं, हे डॉक्टरांचं सांगणं आईने डोळ्यांत तेल घालून पाळलं होतं. तिला झोप नव्हती, भूक नव्हती, आणि एवढं करूनही पुरळ उठायचं, तेव्हा संशय फिरून फिरून एकाच जागी येत होता.

“मी आंघोळीला गेले की तुम्ही तिला काही चाटवत तर नाही ना?”

सासूबाईंनी हातातल्या फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“पोरीच्या जिवाशी खेळेन का गं मी?”

त्यानंतर दिवसभर घरात कामापुरतं बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा रात्रपाळीवरून आला. शेंगदाणे भाजायच्या कारखान्यात तो दाण्यांची सालं काढायच्या चाळणीवर होता. बायकोने बजावल्याप्रमाणे त्याने कोपरापर्यंत हात साबणाने धुतले, ठमीला उजव्या हातावर घेतलं आणि रोजच्यासारखी तिच्या गालावर दाढी घासली. ठमी खिदळली. त्या घरात हल्ली एवढंच काय ते हसू होतं.

गाजर कुस्करून बायको स्वयंपाकघरातून आली, तेव्हा ठमीचा डावा गाल लाल झाला होता. चमचा अजून भरलेलाच होता.

तिने एकदा चमच्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग त्याच्या दाढीत अडकलेलं शेंगदाण्याचं तांबूस साल अलगद काढून तळहातावर धरलं. तिघांनीही ते पाहिलं.

ॲलर्जीची तपासणी होईपर्यंत शेंगदाणा घरातही नको, बाकीचं एकेक करून पुन्हा सुरू करा, असं डॉक्टर म्हणाले.

पुढच्या पाळीनंतर तो कारखान्यातच आंघोळ करून, कपडे बदलून आला. दाढी साफ उतरवली होती. त्याने हात पुढे केले आणि ठमीने भोकाड पसरलं. अनोळखी माणूस पाहिल्यासारखी ती आजीला बिलगली. तो नुसताच उघड्या हनुवटीवरून हात फिरवत उभा राहिला. फार वाईट वाटलं त्याला.

बायकोने केळ्याची वाटी त्याच्या हातात दिली.

“ठमाबाई, आलो गं,” तो म्हणाला.

आवाज ओळखीचा निघाला. रडं थांबलं, तोंड उघडलं. तो हात लांबवून, मान मागे घेऊन भरवत होता. खाता खाता ठमीने त्याच्या गालाकडे हात नेला, तसा तो आणखी मागे सरकला.

“अरे, आंघोळ करून आलायस ना,” सासूबाई म्हणाल्या. “घे तिला.”

त्याने आधी बायकोकडे पाहिलं. तिने त्याच्या हातातली वाटी घेतली, आणि ठमी त्याच्याकडे गेल्यावर सासूबाईंच्या हातात दिली.

“उरलेलं तुम्ही भरवा,” ती म्हणाली. “मी आंघोळीला जाते.”